रॉयल कॉलेज राहू द्या, चाळणी काढा

मॉरिशसमध्ये शिक्षणाचा वाद निघाला की तो फिरून फिरून एकाच इमारतीपाशी येतो. ती इमारत म्हणजे क्यूरपीपचं रॉयल कॉलेज. नवं सरकार आलं, नवा शिक्षणमंत्री बसला, की दोन तट पडलेच म्हणून समजावं. एक तट म्हणतो, बेटावरच्या या सर्वांत जुन्या सरकारी शाळेला हात लावाल तर गुणवत्तेचं शेवटचं ठाणं जाईल. दुसरा म्हणतो, ही गोऱ्या साहेबाची मागे राहिलेली मिजास आहे, ती मोडल्याशिवाय समता यायची नाही. या रस्सीखेचीत गेल्या पंचवीस वर्षांत कॉलेजचं रूप तीनदा बदललं. (तिथे कॉलेज म्हणजे माध्यमिक शाळा, बारा वर्षांच्या आतबाहेरची मुलं तिथे जातात.) 2000 नंतरच्या सुधारणेत ते फक्त शेवटच्या दोन वर्षांपुरतं ठेवायचं ठरलं. 2005 च्या सत्ताबदलानंतर ते पुन्हा लहान मुलांसाठी खुलं होऊन ‘नॅशनल कॉलेज’ झालं. त्यानंतर नऊ वर्षांच्या सलग शालेय शिक्षणाची योजना आली आणि ते ‘अकादमी’ झालं, म्हणजे नववीनंतर परीक्षेवरून प्रवेश देणारी शाळा. पाटी बदलली, वाद तोच राहिला.

आणि हा वाद फार वाईट तऱ्हेने घातला जातो आहे. दोन्ही तट बोलतात ते कॉलेजबद्दल आणि तिथे पोचलेल्या मुलांबद्दल. जी मुलं तिथे पोचली नाहीत त्यांचं पुढे काय झालं, हे कुणी विचारतच नाही. माझं मत आधीच सांगतो. रॉयल कॉलेज टिकलं पाहिजे, त्याचा दर्जाही टिकला पाहिजे. पण अकराव्या वर्षी मुलांची देशभर क्रमवारी लावून त्यातून वरची मुलं उचलायची पद्धत पुन्हा कधीही येता कामा नये. आणि सरकारचा पैसा, चांगले शिक्षक आणि लक्ष सगळ्यांत आधी खालच्या मुलांकडे गेलं पाहिजे. हे मत कॉलेजच्या इतिहासावरून झालं आहे. तो इतिहास दोन्ही बाजू सोयीपुरता सांगतात, म्हणून जरा सविस्तर बघू.

सुरुवात 1791 ची. बेट तेव्हा फ्रेंचांचं होतं, नाव इल द फ्रान्स. पॅरिसमधल्या क्रांतीचं वारं इथवर पोचलं होतं. वसाहतीच्या सभेने राजधानी पोर्ट लुईमध्ये ‘कोलेज नास्योनाल’ काढलं. स्वातंत्र्य आणि समतेच्या घोषणांच्या काळात जन्मलेली ही शाळा. पण बेटावरचे बहुसंख्य लोक तेव्हा गुलाम होते. 1794 मध्ये पॅरिसच्या क्रांतिकारी सरकारने गुलामगिरी रद्द केली आणि तो हुकूम अमलात आणायला 1796 मध्ये बाको आणि ब्युर्नेल हे दोन प्रतिनिधी बेटावर उतरले. वसाहतवाल्यांनी त्यांना जहाजात बसवून परत पिटाळलं. शाळा काढणारे आणि गुलामगिरी टिकवणारे लोक एकच होते. पुढे नेपोलियनचा सेनापती देकाँ आला, त्याने तिचं ‘लीसे’ केलं. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं आणि गव्हर्नर रॉबर्ट फारकरच्या काळात ती ‘रॉयल कॉलेज’ झाली. राज्य बदललं, भाषा बदलली, बाकांवर मात्र गोऱ्या मळेवाल्यांची आणि अधिकाऱ्यांचीच मुलं राहिली. मिश्र वंशाच्या स्वतंत्र नागरिकांना कायद्याने समान हक्क मिळाले तेच मुळी 1829 मध्ये.

1835 मध्ये गुलामगिरी संपली. त्याच्या आदल्या वर्षापासूनच गिरमिट्यांची, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांची, जहाजं सुरू झाली होती. पुढच्या पाऊण शतकात साडेचार लाखांच्या आसपास माणसं हिंदुस्थानातून पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरली. त्यात मुंबई बंदरातून गेलेली रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा भागातली आपली माणसंही होती. त्यांनी ऊस तोडला, त्या साखरेवर वसाहतीची तिजोरी भरली, आणि त्या तिजोरीतून रॉयल कॉलेज चाललं. तिथे पहिल्या आलेल्या मुलांना विलायतेला पाठवणारी ‘इंग्लिश स्कॉलरशिप’ही त्याच पैशातून. ऊस तोडणाऱ्याच्या पोराला मात्र गावातली साधी शाळा धड मिळत नव्हती. 1882 मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे काय मांडलं होतं? सरकारी महसूल येतो रयतेच्या घामातून, आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. आधी प्राथमिक शाळांकडे बघा. कोकणातून आणि घाटावरून बायकापोरं घेऊन निघालेली रयत समुद्रापलीकडे उतरली, तर तिथेही तोच हिशेब तिची वाट पाहत होता. म्हणून फुल्यांचं नाव इथे घेतलं. ‘दर्जा टिकवण्यासाठी थोड्यांवर खर्च’ हा युक्तिवाद दोन्हीकडे एकाच काळात, एकाच राजवटीने वापरला.

कॉलेज क्यूरपीपला आलं तेही एका आपत्तीमुळे. 1867 च्या सुमारास हिवतापाच्या साथीने पोर्ट लुई अक्षरशः ओस पडलं. ज्यांना परवडलं ते डोंगरपठारावरच्या थंड, पावसाळी क्यूरपीपला वर गेले आणि त्यांची शाळाही मागोमाग वर गेली. आज दिसते ती काळसर निळ्या दगडाची लांबलचक इमारत पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर उभी राहिली. तिच्यासमोर युद्धस्मारक आहे. उंच चौथऱ्यावर दोन सैनिक शेजारी शेजारी उभे आहेत, एक फ्रेंच, एक इंग्रज. त्या स्मारकासमोर उभं राहिलं की हे कॉलेज कुणासाठी बांधलं होतं याचं उत्तर कुणाला विचारावं लागत नाही. बेटावरचे आफ्रिकी वंशाचे, हिंदुस्थानी, चिनी असे सगळे त्या चौथऱ्यावरून गायब आहेत.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग पाडून टाका ना ते ठाणं. थांबा. समोरच्या बाजूचे तीन मुद्दे खरोखर भारी आहेत, आणि त्यांना उत्तर दिल्याशिवाय माझ्या मताला काही किंमत नाही.

पहिला मुद्दा शिवसागर रामगुलाम यांचा. बिहारमधून ऊसमळ्यावर आलेल्या माणसाचा हा मुलगा रॉयल कॉलेजात शिकला, 1921 मध्ये लंडनला जाऊन डॉक्टर झाला, परतून मजूर पक्षाचा नेता झाला आणि 1968 मध्ये स्वतंत्र मॉरिशसचा पहिला पंतप्रधान. ज्यांच्यासाठी कॉलेज बांधलं त्यांच्याच हातून सत्ता घेणारा माणूस त्याच कॉलेजने घडवला. हे नाकारण्यात काही अर्थ नाही. खेड्यातल्या हुशार पोराला वर जायला एक तरी शिडी होती आणि ती सरकारी होती.

दुसरा मुद्दा मला सगळ्यांत वजनदार वाटतो. मॉरिशस म्हणजे लांबीला पासष्ट किलोमीटर, रुंदीला पंचेचाळीस. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. इथे आडनाव ऐकलं की जात, धर्म, गाव, पक्ष, मामा कुठल्या खात्यात आहे, सगळं कळतं. अशा ठिकाणी मुलाखतीने किंवा शिफारशीने प्रवेश ठेवले तर काय होईल, ते सांगायला नको. शेवटच्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका केंब्रिजच्या मंडळाकडे जातात. तपासणाऱ्याला मुलाचा काका मंत्री आहे की मच्छीमार, याचा पत्ता नसतो. लहान समाजात निनावी परीक्षा ही गरिबाची ढालच असते. हे न समजता ‘परीक्षा म्हणजे अन्याय’ म्हणणाऱ्यांनी बेटावर चार दिवस राहून बघावं.

तिसरा मुद्दा पळवाटेचा. सरकारी उत्तम शाळा मोडली की पैसेवाले आपली मुलं उचलून फीच्या शाळांत घालतात, आणि गरिबांसाठी तेवढी मोडकी सरकारी शाळा उरते. हेही खरं आहे. रॉयल कॉलेजात इतरांची मुलं वाढू लागली तसे गोरे मळेवाले कॅथलिक कॉलेजांकडे आणि फ्रेंच लीसेकडे सरकलेच. म्हणजे श्रीमंतांची सोय होतेच. प्रश्न फक्त बाकीच्यांचा उरतो.

हे तीनही मुद्दे मी मान्य करतो. आणि तरीही यांतला एकही मुद्दा अकराव्या वर्षीच्या क्रमवारीचं समर्थन करत नाही. कसं, ते बघू.

रामगुलामांपासून सुरू करतो. एक मुलगा वर गेला म्हणून शिडी पुरेशी होती, असं म्हणणाऱ्यांनी त्यांच्याच कारकिर्दीतला 20 मे 1975 हा दिवस आठवावा. तेव्हा सरकारी कॉलेजं बोटांवर मोजण्याइतकी होती. बहुतेक मुलं खासगी कॉलेजांत फी भरून शिकत होती आणि तिथे ना धड प्रयोगशाळा, ना धड शिक्षक. त्या दिवशी ठिकठिकाणच्या कॉलेजांतली हजारो मुलं रस्त्यावर उतरून पोर्ट लुईच्या दिशेने निघाली. ग्रँड रिव्हर नॉर्थ वेस्टच्या पुलावर पोलिसांनी त्यांना अडवलं, अश्रुधूर सोडला. मुलांची मोठी मागणी होती की सरकारी आणि खासगी कॉलेजांतली तफावत मिटवा. पंतप्रधान होते रॉयल कॉलेजचे माजी विद्यार्थी रामगुलाम. त्यांनी मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आणलं आणि जानेवारी 1977 पासून माध्यमिक शिक्षण मोफत केलं. हे श्रेय त्यांचंच, आणि ते मोठं आहे. पण दार उघडलं कुणी? आत पोचलेल्या एका गुणवंताने आपण होऊन उघडलं, की बाहेर राहिलेल्या हजारोंनी ढकललं तेव्हा उघडलं? त्यांच्या हातात सरकारचा कारभार 1975 च्या कितीतरी आधीपासून होता.

असंच 1948 मध्येही घडलं होतं. नव्या घटनेने मतदानासाठी मालमत्तेची अट काढली आणि बेटावरच्या कुठल्याही भाषेत साधं वाक्य लिहितावाचता आलं तरी मत दिलं. बासदेव बिसुनदयाल आणि त्यांच्या जनआंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी गावोगावच्या बैठकांत दिव्याच्या उजेडात प्रौढांना सही आणि वाक्यं शिकवली. मतदारांची संख्या साधारण बारा हजारांवरून सत्तर हजारांच्या वर गेली. दीडशे वर्षं उभ्या असलेल्या कॉलेजने जे केलं नाही ते गावच्या बैठकांनी काही महिन्यांत केलं. गांधीजी 1901 मध्ये बेटावर थांबले होते तेव्हा त्यांनीही हिंदुस्थान्यांना हेच सांगितलं होतं की मुलांना शिकवा आणि राजकारणात उतरा. सगळ्यांच्या मुलांना, एखाद्याच्या नव्हे. मॉरिशसचा कायापालट रुंद पायावर झाला, आणि तो पाया रॉयल कॉलेजच्या आवाराबाहेर घातला गेला.

आता निनावी परीक्षेकडे येतो. परीक्षेच्या दिवशी ती आंधळी असते, कबूल. पण त्या दिवसाआधीची सहा वर्षं? मॉरिशसमध्ये खासगी शिकवणीला ‘लेसों’ म्हणतात. सीपीई नावाची प्राथमिकची अंतिम परीक्षा होती तेव्हा आठ-नऊ वर्षांची पोरं शाळा सुटली की लेसोंला बसायची, शनिवारीही बसायची, आणि कित्येकदा शिकवायला तोच वर्गशिक्षक असायचा जो सकाळी फुकट शिकवत होता. ज्याच्या आईला ऊस नाही तर कापडगिरणी बघायची, त्याच्या लेसोंचे पैसे कुठून यायचे? उत्तरपत्रिकेवर नाव नव्हतं, पण बापाचा पगार प्रत्येक ओळीत होता. आणि या परीक्षेत दरवर्षी साधारण एक तृतीयांश मुलं नापास व्हायची. अकरा-बारा वर्षांची. दोनदा नापास झालेल्यांना ‘प्रीव्होकेशनल’ नावाच्या वर्गात घातलं की समाज त्यांना विसरायला मोकळा. या मुलांत आफ्रिकी वंशाच्या क्रिओल कुटुंबांतली मुलं मोठ्या संख्येने असत, कारण त्यांची घरातली भाषा शाळेत कुठेच नव्हती. ती क्रिओल भाषा ऐच्छिक विषय म्हणून प्राथमिक शाळेत आली ती थेट 2012 मध्ये. निनावी परीक्षेची ढाल मला हवीच आहे. पण ती पंधराव्या, अठराव्या वर्षी धरता येते. अकराव्या वर्षी ती ढाल राहत नाही, तिची चाळणी होते.

इथे एक गोष्ट मराठी माणूस म्हणून मला बोललीच पाहिजे. सीपीईच्या क्रमवारीत इंग्रजी-फ्रेंचबरोबर हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, मँडरिन या भाषांचे गुण धरायचे की नाही, यावर मॉरिशसमध्ये वर्षानुवर्षं भांडण झालं. 1995 मध्ये पंतप्रधान अनिरुद्ध जगन्नाथ यांनी त्यासाठी घटनादुरुस्ती आणली. ती आवश्यक बहुमताअभावी पडली, त्यांनी संसद विसर्जित केली आणि डिसेंबरच्या निवडणुकीत मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा विरोधकांनी जिंकल्या. अकरा वर्षांच्या मुलांच्या गुणपत्रिकेवरून सरकार गेलं, असं जगात दुसरीकडे कुठे झालं असेल? आमच्या लोकांनी तिथे दीडशे वर्षं मराठी जिवंत ठेवली, भजनात, गणपतीत, बैठकांमध्ये. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत ती आज शिकवली जाते, शाळांत शिकवली जाते, याचा मला मनापासून आनंद आहे. मराठीला इतर भाषांइतका मान मिळावा ही मागणी न्याय्यच होती. पण क्रमवारी असेपर्यंत हा मान शेजारच्या क्रिओल मुलाच्या नंबरातून वजा होत होता, कारण त्याला घेण्यासारखी अशी भाषाच शाळेत नव्हती. दोन वंचित समाज चार गुणांसाठी एकमेकांपुढे उभे केले गेले. दोष मराठीचा नव्हता, क्रिओल पालकांचाही नव्हता. थोड्या जागांवर सगळ्यांना तुटून पडायला लावणाऱ्या क्रमवारीचा होता. 2004 मध्ये कॅथलिक कॉलेजांतल्या राखीव निम्म्या जागांचा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे मॉरिशसच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत गेला आणि ती राखीव व्यवस्था घटनाबाह्य ठरली. तिथेही मूळ कारण हेच. चांगल्या शाळा मोजक्या असल्या की प्रत्येक जागेवर धर्म आणि जात चढून बसते.

म्हणूनच 2001 ते 2005 मधली शिक्षणमंत्री स्टीव्हन ओबीगाडू यांची सुधारणा मला योग्य दिशेची वाटते. क्रमवारी बंद केली, बेटाचे चार विभाग केले, नव्या माध्यमिक शाळांची मालिका उभारली आणि नामांकित कॉलेजं वरच्या वर्गांसाठी ठेवली. पालक चिडले. त्यांचा राग मला समजतो: ज्या घराने पोटाला चिमटा घेऊन मुलाला तिथवर आणलं, त्याला अचानक सांगायचं की आता जवळच्या शाळेत जा. नव्या शाळांना नाव नव्हतं, माजी विद्यार्थी नव्हते. सरकार बदलताच अर्धी सुधारणा उलटवली गेली. नंतरच्या योजनेने सीपीई संपवली; बारा अकादम्यांमध्ये नववीनंतरच्या परीक्षेवरून प्रवेश ठेवला. पंधरा हे वय अकरापेक्षा खूपच बरं. अकादमीच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांना माझं सांगणं आहे की जुनी चाळणी परत मागू नका.

पण सरकारचंही मी कौतुक करून थांबणार नाही. प्राथमिकच्या अंती जी मुलं नापास झाली त्यांना ‘एक्स्टेंडेड प्रोग्रॅम’मध्ये घातलं. तीन वर्षांचा अभ्यास चार वर्षांत करायचा, आणि शेवटी परीक्षा तीच जी बाकीचे द्यायचे. ज्याला पाचव्या वर्षापासून वाचता येत नाही त्याला एक वर्ष जास्त दिलं, पण वाचायला शिकवणारा वेगळा शिक्षक दिला नाही, तर होणार काय? त्यांतली फार थोडी मुलं पास झाली. वर्तमानपत्रांत हे एक-दोन दिवस आलं आणि गेलं. उलट माध्यमिकच्या शेवटच्या परीक्षेच्या निकालाच्या दिवशी ‘लोरेआ’ म्हणजे राज्याची शिष्यवृत्ती मिळवलेल्या मुलांना मित्र खांद्यावर घेऊन नाचतात, कॅमेरे धावतात, कुठल्या कॉलेजला किती मिळाल्या याचे तक्ते छापले जातात. त्या मुलांनी कष्ट केलेत, त्यांना खांद्यावर घ्यावंच. मला आक्षेप आहे तो तक्त्यावर. देश एवढाच तक्ता मोजतो म्हणून मंत्रीही एवढ्याचीच काळजी करतो.

‘छोटा देश आहे, साधनं कमी आहेत, म्हणून ती थोड्यांवरच लावली पाहिजेत’ हा युक्तिवाद शेवटी उरतो, आणि तोच मला सर्वांत उलटा वाटतो. मोठ्या देशात एका कॉलेजने नाकारलं तर मुलगा दुसऱ्या शहरात जातो, दुसऱ्या राज्यात जातो, तिथे त्याला कुणी ओळखत नाही. बेटावर दुसरं शहर कुठलं? क्यूरपीपहून बसने निघालं की तासाभरात समुद्र लागतो. तिथे अकराव्या वर्षी लागलेला शिक्का पन्नाशीपर्यंत पुसत नाही, कारण नोकरी देणारा, कर्ज देणारा, मुलगी देणारा सगळे विचारतात, कुठल्या कॉलेजचा? मॉरिशसमध्ये ना तेल, ना खाण. साखरेचे आणि कापडाचे जुने दिवस गेले. पर्यटन, बँका, संगणकाचं काम हे सगळं शिकलेल्या हातांवर चालतं. मग दर तीन मुलांमागे एक मूल बाजूला टाकणं साडेबारा लाखांच्या देशाला परवडतं, असं म्हणायचं तरी कुणी?

तेव्हा अकादमी हवी की नको हा प्रश्न या घडीला सोडून द्यावा. क्यूरपीपच्या त्या इमारतीत पंधराव्या वर्षापुढची मुलं शिकोत, निनावी परीक्षेतून येवोत, त्यांतून लोरेआ निघोत. मागायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. अनुभवी शिक्षकांची नेमणूक आधी मागे पडलेल्या मुलांच्या वर्गांवर करा आणि त्यासाठी त्यांना जादा पगार द्या. पहिली-दुसरीत क्रिओलमधून वाचायला शिकवा, मग इंग्रजी-फ्रेंच आणा. आणि ज्या दिवशी कॉलेजवार लोरेआंचा तक्ता छापता, त्याच दिवशी, त्याच पानावर, कुठल्या शाळेतली किती नापास मुलं तुम्ही पुन्हा पास करून दाखवलीत तोही तक्ता छापा. रॉयल कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांची संघटना जागरूक आणि वजनदार आहे. ही मागणी त्यांनी उचलली तर कुठल्याच मंत्र्याला ती टाळता येणार नाही.